बारा नंबरची हाक

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातलं पदरचं मी काहीही घातलेलं नाही. हे माझ्या नणंदेच्या बाबतीत घडलं. केर्तू तिचं नाव.

चौदा नोव्हेंबर, मंगळवार. दुपारचे तीन. फिनलंडमधलं कोक्कोला. बाहेरचा उजेड संपत आला होता.

तिथल्या एका वृद्धाश्रमात केर्तूची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणाला खिळून होत्या. अर्धांगवायूनंतर आवाज कुजबुजीपुरताच उरलेला. हाताशी तारेचं एक बटण असायचं; ते दाबलं की सेवकांकडे घंटी वाजायची आणि खोलीचा नंबर उजळायचा.

तेवढीच त्यांची हाक.

पण घंट्यांचा जुना संगणक बंद पडला. नव्या संगणकाच्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, घंट्यांच्या जुन्या पेटीला ओळखेना. दोघांत एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो लिहिणं हेच केर्तूचं काम. गुरुवारी तपासणी होती. तोवर घंटी चालली नाही, तर अंथरुणावरच्या सगळ्यांची रवानगी दोनशे किलोमीटरवर, ओउलूला.

"आई वाटेतच जाईल रे," केर्तू म्हणाली.

"मग रडत काय बसलीस? लिही!" रैमो म्हणाला. तो तिथला सेवक. तोंडाने फटकळ, पण सासूबाईंवर त्याचा फार जीव.

तिने ड्रायव्हर लिहून सुरू केला. तो एकेका नंबराला विचारू लागला, कोण आहे?

खोल्या अकरा. उत्तरं अकरा.

आणि मग... बारावं.

"अगं, खोल्या अकराच आहेत! शाळेत गेली होतीस ना?" रैमो हसला.

केर्तूने पेटी उघडून दाखवली. बाराव्या जागी तारच नव्हती. नुसता रिकामा स्क्रू.

रैमोचं हसू मावळलं.

तेवढ्यात घंटी वाजली... बारा नंबरची.

केर्तूने सगळ्या तारा उपसल्या. अकराही खोल्या गप्प झाल्या.

बारा नंबर मात्र... वाजतच राहिला.

तिने आपलं लिखाण ओळन् ओळ तपासलं. चूक सापडेना. बुधवारी दुपारी तिने तेच केलं, जे या कामातलं कुणीही करतं. एखादं यंत्र खोटी बडबड करत असेल, तर ड्रायव्हरलाच शिकवायचं, तिकडे लक्ष देऊ नकोस. एक ओळ लिहिली, की झालं.

घंटी थांबली.

सासूबाईंनी बटण दाबलं. त्यांच्या खोलीचा अकरा नंबर उजळला. रैमो धावला.

"कॉफी," त्या कुजबुजल्या आणि वाकडं तोंड करून हसल्या. केर्तूला रडू आवरेना. तपासणी पार पडली. आई तिथेच राहिली.

शनिवारी सकाळी आठला रैमो नाश्ता घेऊन गेला.

सासूबाई पलंगाखाली पडल्या होत्या. अंग गार. अंगठा बटणावर.

"घंटी वाजलीच नाही गं!" रैमो केर्तूपुढे ओक्साबोक्शी रडत होता. "मी दारापासून दहा पावलांवर होतो!"

केर्तूने बटण दाबून पाहिलं. अकरा नंबर झटकन उजळला.

मग तिने संगणकातली नोंद उघडली.

सकाळी सात वाजून पाच मिनिटांपासून पावणेआठपर्यंत... चाळीस हाका.

सगळ्या बारा नंबरवरून.

आणि प्रत्येकीपुढे केर्तूनेच लिहिलेले दोन शब्द.

दुर्लक्ष केलं.

ती ओळ तिने त्याच दिवशी पुसली. बारा नंबर अजून वाजतो... अधूनमधून. रैमो अकराही खोल्या धावत पाहून येतो. सगळे ठीक असतात.

केर्तू मला वेळी-अवेळी फोन करते. "मंगळवारी बारा नंबर वाजत होता, तेव्हा आई माझ्यासमोर गाढ झोपली होती. मग कोण हाक मारत होतं गं?"

खरं सांगायचं तर भीती वाटते.

पण तिचा फोन वाजला आणि मी उचलला नाही, असं आजवर एकदाही केलेलं नाही.