ठळक आकडा

हौसेखातर फोटो काढणाऱ्याने माणूस टिपताना एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे डोळा. कान पुसट आले तरी चालतात, डोळा ठळकच हवा. हल्लीचे कॅमेरे तो आपणहून शोधतात आणि त्याच्यावर हिरवी चौकट लावतात. तरीही, वापरलेली एक लेन्स हौसेने घेतली आणि पहिल्याच रविवारी बायकोचे डोळे पुसट आले. माझं डोकंच फिरलं. मी नकाशे काढणारा माणूस, अर्धा मिलिमीटर चुकला तरी मला जेवण गोड लागत नाही.

"लेन्सलाच चष्मा करून आण," बायको म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने लेन्स दोन दिवस ठेवून घेतली आणि ठणठणीत आहे म्हणून परत दिली. मग मीच तपासायचं ठरवलं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला. तिथपासून समोरच्या भिंतीपर्यंत खिडकीच्या कट्ट्यावर मोजटेप ताणली आणि बायकोला दोनशे सेंटिमीटरवर स्टुलावर बसवलं. फोटोत टेपेवरचा जो आकडा ठळक येईल, लेन्स तिथे बघतेय. साधी गोष्ट.

आकडा आला दोनशे चाळीस. म्हणजे तिच्या पाठीमागे. तिथे नुसती मोकळी फरशी होती.

दुसऱ्या फोटोत दोनशे तीस. तिसऱ्यात दोनशे बावीस. लेन्समध्ये खोट असती तर दर वेळी सारखीच चुकली असती. मी फोटो मोठा करून पाहिला. चौकट बायकोच्या डोळ्यावर नव्हती, तिच्या उजव्या कानाच्या जरा वर होती.

"हलू नकोस."

"हलतंय कोण? मानेला वारा लागतोय. खिडकी लाव ना."

खिडकी बंदच होती. मी पुन्हा बटण दाबलं. दोनशे नऊ.

खरं सांगतो, मी घाबरलो. तिला काही व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं.

"ऊठ. आत जा."

"आता काय झालं?"

"जा म्हणतोय ना."

ती चिडून स्वयंपाकघरात गेली. मी मधलं दार ओढून घेतलं आणि खात्री करायला रिकाम्या स्टुलाचा फोटो काढला.

चौकट हवेत लागली. आकडा एकशे ऐंशी.

तिच्यासाठी आलेलं नव्हतं तर. एक क्षण मला हायसं वाटलं.

पुढचा फोटो एकशे तीस. चौकट मोठी झाली होती.

नव्वद.

मग चौकट लागेचना. लेन्स पुढेमागे घरघरत राहिली. पडद्यावर स्टूल, भिंत, टेप, सगळंच पुसट. पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आतलं या लेन्सला दिसत नाही.

"येऊ का आता?" बायकोने दारामागून विचारलं.

"नको," मी हळूच म्हणालो.

लेन्सच्या पुढच्या काचेवर वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.