नावपेठेची हाक

मी खोटं बोलतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला सोयीचं जाईल. अकरा वर्षं माझं पोट त्यावरच चाललं. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी माझी इंजिनाची होडी होती आणि डांबरी रस्त्यावर एक फलक होता: 'एका दिवसात दोन राजवाडे आणि एक प्राचीन बंदर. गाईडसह. दुपारी पिठलं-भाकरी.'

पहिला राजवाडा म्हणजे इंदापूरची गढी. दुसरा एका सरदाराचा, निम्मा पाण्यात, निम्मा वेड्या बाभळीत. तिथलं धान्याचं पेव मी राणीचं न्हाणीघर म्हणून दाखवायचो. पुण्याच्या बायका त्यात डोकावून 'किती छोटं' म्हणायच्या आणि मी म्हणायचो, राणी नाजूक होती. बंदराचं तर विचारूच नका. समुद्र इथून दोनशे किलोमीटर. पण नावपेठेला पूर्वी भीमेवरची तर होती, म्हणजे नावेचा उतारा, माणसं पल्याड जायची, काठावर बाजार भरायचा. धरण झालं तेव्हा सगळं पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की घाटाच्या पंधरा-वीस पायऱ्या उघड्या पडतात, आणि शेवटच्या पायरीच्या दगडात नाव बांधायची लोखंडी कडी. मनगटाएवढी जाड, गंजून लाल झालेली.

तिथं माझा शेवटचा खेळ असायचा. "ह्या घाटावर म्हस्कू नावाडी होता," मी आवाज बारीक करून सांगायचो. "पुरात गेला. पण हाक मारली की अजून येतो." मग सगळ्यांना तोंडाभोवती हात धरायला लावायचो आणि एका सुरात हाक मारायची: "नाव हाय का, नावऽऽ." कोणी येत नसे. लोक हसायचे, मोबाईलवर व्हिडिओ काढायचे, आणि आम्ही पिठल्याला जायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये पुण्याच्या एका ऑफिसातली मंडळी आली होती. त्यांच्यासोबत दोन जागा वेगळ्या भरलेल्या होत्या. बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला असलेली प्रतिक्षा आणि तिची नरसिंहपूरची आजी, तानूबाई. आजी सत्तरीच्या पुढची, काटकुळी, नऊवारीतली. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं.

दोन्ही राजवाड्यांत म्हातारीनं मान वर करून पाहिलं नाही. होडीत मात्र थेट माझ्याशेजारी येऊन बसली.

"दादासो, त्या नावाड्याचं नाव तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाय आजी. माझ्या मामाकडं एक मेंढा व्हता, म्हस्कू. लई मारका. त्याचंच लावलं."

ती हसली नाही. "माझ्या बापाचं नाव हाय ते."

मी इंजिन जरा हळू केलं. उगाच.

"माझं माहेर पल्याड," ती म्हणाली. "आबाची नाव ह्याच तरीवर. धरणाचं पानी चढाय लागलं, तवा म्हनलं घर बुडायच्या आदी एकदा डोळ्यानं बघून येऊ. हितं येऊन हाक मारली. आबा निघाला. आन माझ्या दिरानं हात धरून मला वर वडलं. म्हनला, पानी वाढतंय, चल. मी गेले. आबा हितवर आला आसंल, कुनी न्हाय बघून रिकामाच फिरला." ती पाण्याकडं बघत राहिली. "तरीचा नेम व्हता. ज्यानं हाक मारली त्यानं बसायचं. रिकामी नाव माघारी धाडायची न्हाय. धाडली की नदी ती भरून घेती."

"मग?"

"मग काय. पोचला न्हाय."

मी माझ्या परीनं दिलासा दिला. म्हटलं, आजी, माझं सगळं बनावट असतं, मनाला लावून घेऊ नका.

"तू खेळ कर की. पर हिच्या फोनवर तुझा खेळ मी धा-बारा येळा ऐकला. तुमी समदी हाक मारताय, हसताय... आन मागनं आबा 'आलोऽ' म्हनतोय. हिला ऐकू येत न्हाय."

घाटावर उतरताना प्रतिक्षानं मला बाजूला घेतलं. "मामा, तिचं बोलणं मनावर घेऊ नका. एकदा घाट दाखव म्हणून वर्षभर मागं लागली होती. तेवढं शेवाळावरनं घसरायला नको. घरी कुणाला न सांगता आणलंय तिला."

"फुलासारखी परत देतो," मी म्हणालो. अकरा वर्षांत मी कुणाला मनापासून शब्द दिला असेल तर तो हाच.

बारा वाजले होते. ऊन असं की सावली पायाखाली शोधावी लागत होती. वारा पडलेला, पाणी परातीतल्यासारखं. सुकत आलेल्या शेवाळाचा वास. हाक मारावी की नको, असं मला पहिल्यांदाच वाटलं. पण मंडळी मोबाईल धरून उभी होती, आणि म्हातारीही माझ्याकडंच बघत होती. मी तोंडाभोवती हात धरले.

"नाव हाय का, नावऽऽ."

लोक हसले. मग समोरच्या उथळातले रोहित पक्षी एकदम उठले. शेकडोंनी उठले, आणि एकही ओरडला नाही. नुसता पंखांचा आवाज... मग तोही नाही.

पाण्यावर एक रेघ उमटली. पल्याडून निघाली होती. नाव चालते तेव्हा पाणी दोन्ही अंगांनी फाकतं ना, तसं ते फाकत फाकत आमच्याकडं येत होतं. टोकाला काही नव्हतं. "मासा आहे का हो मोठा?" कुणीतरी विचारलं. ओल्या काथ्याचा आणि तापलेल्या डांबराचा वास येत होता. नावेच्या तळाला फासतात ते डांबर. आमच्याकडच्या होड्या आता पत्र्याच्या आहेत.

घाटाला काहीतरी टेकलं. लाकूड दगडाला टेकावं तसं, हलकेच. आणि ती लोखंडी कडी उचलली गेली... ताणून उभी राहिली.

तानूबाईनं पदर खोचला, गाठोडं काखेत घेतलं आणि पायऱ्या उतरायला लागली. मी धावलो. शेवटच्या पायरीवर तिचं मनगट धरलं.

"आजी, पाणी खोल हाय."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. "मागच्या येळी बी आसाच हात धरला व्हता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सोड. आजच्या हाकेला मी हाय. तुझ्या मागच्या हाका तुझ्या."

मी सोडला. का सोडला, ते प्रतिक्षानं मला नंतर कितीदा तरी विचारलं. मला आजही सांगता येत नाही.

ती पाण्यात पडली नाही. शेवटच्या पायरीवर बसली, एवढंच. दगडाला टेकून, पल्याडच्या काठाकडं तोंड करून. कडी सैल पडली, वाजली. पाण्यावरची रेघ उलटी निघाली आणि प्रतिक्षा "आजी" म्हणत खाली येईपर्यंत पार पल्याड पोचली.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. वय झालं होतं. असेल. पण म्हातारीला होडीत घेताना पाय मी धरले होते. अल्याडच्या काठाला सगळा मुरूम आहे, कोरडा. तिचे पाय काळ्याभोर ओल्या गाळानं घोट्यापर्यंत भरले होते. तसली काळी माती फक्त पल्याड आहे. गाठोडं कुठंच सापडलं नाही. प्रतिक्षाला विचारलं, काय होतं त्यात. म्हणाली, पुरणपोळ्या. वडिलांसाठी केल्यात म्हणत होती. आणि जाता जाता मी त्या कडीकडं पाहिलं. बाहेरून गंजकीच होती. आतून, दोर घासतो तिथं, रुपयासारखी चकचकीत.

होडी विकली. आता बारामतीकडं सांगवीत भाड्यानं राहतो, एमआयडीसीत मोटरसायकलवर कामाला जातो. पाण्यापासून लांब. खोटं बोलायचंही बरंच कमी केलंय. बायको म्हणते, चांगलं झालं.

गेल्या मेमध्ये एका सकाळी मोटरसायकल काढायला गेलो. पाहतो तर हँडलला काथ्याचा दोर बांधलेला, ओला, दुसरं टोक जमिनीवर लोळत. गाठ नावाड्यांची. पोरांनी चेष्टा केली असेल म्हणून कोयत्यानं कापला. आठ दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. वर्षाला शंभर खेळ धरले तरी अकरा वर्षांच्या हाका किती होतात, याचा हिशेब मी करत नाही.

ह्या मेमध्ये गाडी एकदाही बांधलेली सापडली नाही. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

आज सकाळी उठलो तर दार उघडेना. दोर दाराच्या कडीला होता. आतल्या.