रंग वाळेपर्यंत

"थांबा, थांबा! भिंतीतून चालताय तुम्ही!"

धाकटी जागच्या जागी थबकली. हातातल्या ट्रेमधल्या चिनी मातीच्या मुठी किणकिणल्या. समोर ना भिंत ना दार, मागच्या शेडमधली रोजची रिकामी फरशी तेवढी. आणि त्या फरशीवर गुडघे टेकून पिवळी चिकटपट्टी लावत बसलेला एक लांबलचक माणूस. एक पेन्सिल तोंडात, एक कानावर.

"कुठली भिंत?"

"ही काय. तुमचा पाय आत्ता बरोबर तिच्या पोटात आहे." त्याने तोंडातली पेन्सिल काढून फरशीवरची पट्टी दाखवली. "मागे घ्या... हळू... आता असा वळसा घालून या. इकडची बाजू उघडी आहे."

आणि गंमत बघा, धाकटीने खरंच पाय मागे घेतला! स्वतःच्या घरच्या शेडमध्ये, एका परक्या माणसाच्या सांगण्यावरून, नसलेल्या भिंतीला वळसा घालून ती निमूट आत आली. आत आल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. कानाच्या पाळ्या तापल्या.

"या, हा तुमचा स्टॉल," तो म्हणाला. "तीन मीटर बाय तीन मीटर. परदेशात एवढीच जागा मिळणार आहे तुम्हाला. इथे फिरून घ्या, म्हणजे तिथे अडखळणार नाही."

तो हसला तेव्हा डोळे आधी हसले, ओठ मागून. धाकटीला उत्तरादाखल काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, पण कसलं काय! ती ट्रे छातीशी धरून नुसती उभी राहिली.

तेच तर दुखणं होतं. घरचा धंदा चिनी मातीच्या मुठींचा, कपाटांना न् ड्रॉवरना लावतात त्या. बाबा भट्टी सांभाळायचे, ताई गिऱ्हाइकांशी बोलायची, भावजी माल पाठवायचे आणि धाकटी त्या मुठींवर रंगवायची. बारीक निळी पानं, इवले पक्षी, कधी नुसते ठिपके. तिच्या ब्रशला बोलायची सवय होती, जिभेला नव्हती. चार अनोळखी माणसं समोर आली की तिची दातखीळ बसायची. परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनात पहिल्यांदाच जागा मिळाली होती, तिथे ताईच जाणार होती. पण ताईला सातवा लागला, डॉक्टरांनी विमान नको म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांचे डोळे एकदम धाकटीकडे वळले.

हा लंबू स्टॉल बांधणारा होता. दुसऱ्या दिवसापर्यंत धाकटीने मनातल्या मनात त्याचं नावही ठेवलं, फूटपट्टी. तो इथेच स्टॉलची भिंत करणार होता, चिमुकल्या दारांची. प्रत्येक दाराला धाकटीची एकेक मूठ. येणाऱ्याने मूठ धरायची, दार उघडून बघायचं. मग ती भिंत सुटी करून लाकडी पेटीत बंद करायची आणि पेटी बोटीने पुढे पाठवायची. धाकटी नंतर विमानाने. तिथे गेल्यावर भिंत उभी करायला तिथलीच माणसं.

म्हणजे पेटी गेली की फूटपट्टीचं काम संपलं. हे पहिल्या दिवशी धाकटीला फार बरं वाटलं होतं. पहिल्या दिवशी.

"हिला बोलायला शिकवा हो कुणीतरी," ताई एकदा शेडच्या दारात खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून वैतागली. "तिथे काय नुसती मान डोलवणारेस? मी सांगून सांगून दमले!"

"मी होतो गिऱ्हाईक," फूटपट्टी स्क्रू पिळता पिळता म्हणाला. "फुकटात."

आणि मग त्या शेडमध्ये रोज दुपारी परदेश सुरू झाला.

वरच्या काचेतून मऊ उजेड खाली यायचा, त्यात लाकडाचा भुसा तरंगत राहायचा. पिवळ्या पट्ट्यांच्या आत धाकटी उभी असायची आणि बाहेरून कुणी ना कुणी यायचं. कधी पोट पुढे काढून, हात मागे बांधून एक बडे व्यापारी यायचे आणि मूठ उजेडात धरून 'हं' एवढंच म्हणायचे. कधी नाक मुरडणाऱ्या एक बाई यायच्या, खांद्यावरची पर्स सावरत. पर्स म्हणजे त्याची हत्यारांची पिशवी. ताई हसून हसून पोट धरायची आणि "अगं बाई, आतला लाथा मारतोय!" म्हणून उठून जायची. मग ती दोघंच उरायची.

"हा पक्षी उडतोय की बसतोय?" बड्या व्यापाऱ्याने विचारलं.

"ते... तो..." धाकटीने पक्ष्याच्या पंखावर बोट ठेवलं. "उडायचं की नाही ते ठरवतोय."

"केव्हा ठरेल त्याचं?"

"तुम्ही दार उघडलंत की."

व्यापारी एकदम व्यापारी राहिला नाही. त्याने मूठ हलकेच जागेवर ठेवली, आणि क्षणभर फूटपट्टीचेच डोळे तिच्याकडे बघत राहिले. "हे... हे चांगलं होतं," तो म्हणाला. "असंच बोला तिकडे. आधी आपल्या भाषेत सुचू द्या, मग त्यांच्या भाषेत म्हणा."

"तिकडे तुम्ही नसणार."

शब्द तोंडातून निसटले आणि धाकटीने जीभ चावली. त्याने उगाचच खिशातला टेप काढून दोनदा मोजलेली फळी तिसऱ्यांदा मोजली.

मग काय सांगू! पोरीला वेडच लागलं म्हणायचं. मुठी रंगवता रंगवता ती खिडकीबाहेर बघायची. त्याच्या सायकलची घंटी वाजली की ब्रश थांबायचा. पक्ष्यांच्या माना आपोआप एकाच बाजूला वळायला लागल्या, फाटकाच्या. आणि भिंत जसजशी पुरी होत आली तसतशी धाकटी खुसपटं काढायला लागली. आधी म्हणाली, खालची दारं जरा वर घ्या. त्याने घेतली. मग म्हणाली, नको, खालीच बरी होती. त्याने परत खाली घेतली. मग बिजागऱ्या करकरतात म्हणाली. त्याने तेल घातलं. मग म्हणाली, आता फारच गप्प झाल्या.

"धाकट्या मालकीणबाई," तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

काय हवंय! धाकटी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली. खोट्याखोट्या गिऱ्हाइकांना आता ती घडाघडा उत्तरं देत होती, आणि एवढ्याशा प्रश्नाला...

"बघते. सांगते," ती म्हणाली आणि पळाली.

ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. पेटी तयार होती, भरायचा पेंढा तयार होता, भावजींचे कागद तयार होते. भिंत पांढरीशुभ्र रंगवून उभी होती आणि तिच्यावर निळ्या मुठी इतक्या गोड दिसत होत्या की बाबासुद्धा दोन पावलं मागे जाऊन, चष्मा पुसून बघत राहिले. आता काढायला खुसपटच उरलं नव्हतं.

"पांढरा नको," ती एकदम म्हणाली. "फिक्कट पिवळा हवा."

"आत्ता?" भावजी किंचाळलेच.

फूटपट्टीने काचेतून वर भरून आलेलं आभाळ पाहिलं. मग धाकटीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "करू," तो म्हणाला. आणि मुठी उतरवून संध्याकाळपर्यंत भिंत पिवळी केली.

सकाळी पाऊस भुरभुरत होता. हवा ओलसर, रंग ओला. दुपारी ट्रक फाटकात येऊन उभा राहिला तरी रंग ओलाच. बाबांनी भिंतीला हात लावला आणि पाची बोटं पिवळी झाली.

"हे काय आहे?" बाबांचा आवाज चढला. "उद्या सकाळी बोट सुटणार! ही अशी पेटीत घातली तर कागद चिकटून बसतील, सगळ्या भिंतीची वाट लागेल! परदेशात पोरगी काय रिकाम्या जागेत उभी राहणार? अहो, तुम्ही या कामातले ना? एवढी अक्कल नको?"

फूटपट्टी खाली मान घालून उभा होता. "चूक माझी आहे," तो म्हणाला.

"तुमची आहे हे दिसतंयच!"

धाकटी दाराशी होती. बाबा, ताई, भावजी, आणि ट्रकचा ड्रायव्हर, सगळे तिथेच. गप्प राहिली असती तर सगळं त्याच्यावर गेलं असतं आणि तो निघून गेला असता, खाली मान घालून, कायमचा. तिला ते दिसलं, अगदी डोळ्यांपुढे.

"बाबा, त्यांना बोलू नका." आवाज कापत होता, पण येत होता. "रंग मी बदलायला लावला. पांढरा छानच होता. पांढऱ्यात काही वाईट नव्हतं. दारांतही नव्हतं, बिजागऱ्यांतही नव्हतं. पेटी बंद झाली की हे यायचे थांबतील... म्हणून. मला त्यांचं येणं थांबायला नको होतं."

भावजींनी हातातले कागद उगाच सरळ केले. फूटपट्टीने मान वर केली होती, पण तिच्यात त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"तरीच!" ताई म्हणाली. "मी म्हणते, खालची दारं वर काय न् वरची खाली काय! अगं, सरळ सांगायचंस की त्याला. भिंतीचा का जीव घेतलास?"

"मग..." ड्रायव्हरने घसा खाकरला. "मी थांबू का जाऊ?"

"थांबा, दादा," धाकटी म्हणाली. आता बोलायला लागलीच होती, तर बोलून घेतलं. "संध्याकाळपर्यंत थांबा. रात्रीचा रस्ता मोकळा असतो, पहाटेच पोचाल. तोवर चहा घ्या, जेवण करा, इथे पडा जरा. बाबा, सकाळीच भट्टी उघडलीय ना? ती खोली अजून गरम आहे. भिंत तिकडे नेऊ."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. ही पोरगी एका दमात एवढं बोलते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ड्रायव्हरने खांदे उडवले आणि चहा बिनसाखरेचा सांगितला.

भट्टीच्या खोलीत कोरडी, उबदार हवा होती, भाजल्या मातीच्या वासाची. भिंतीच्या फळ्या त्यांनी ओळीने उभ्या केल्या. मग बाकीचे निघून गेले. मुद्दामच गेले असणार, ताई कसली चलाख. एका बाजूने तो पुठ्ठ्याने वारा घालत होता, दुसऱ्या बाजूने ती. मध्ये दारांची पिवळी रांग. एक दार वाऱ्याने आपोआप उघडलं आणि त्यातून तिला त्याचा चेहरा दिसला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "रागावू नका."

"सांगा."

"माझ्याकडे तासाभरात वाळणारा रंग होता. पाण्याचा. डबा घरीच पडलाय." त्याने पुठ्ठा खाली केला. "मी मुद्दाम ऑइलपेंट आणला. म्हटलं, दोन दिवस तरी वाळायचा नाही. बोट चुकेल इतका विचारच केला नाही. डोकंच चालत नव्हतं."

धाकटीचा पुठ्ठा हवेतच राहिला. "म्हणजे... बाबांची बोलणी..."

"हक्काची होती. खाल्ली." कानांपर्यंत लाल झाला होता तो. "मी खरं काय ते सांगणारच होतो, तेवढ्यात तुम्ही बोललात. मला सांगितलं होतं, धाकटीला माणसांत बोलता येत नाही."

तिला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. त्याने दारातून हात पुढे केला. तिची बोटं त्याच्या बोटांना टेकतात न टेकतात तोच बाहेरून भावजींची हाक आली, "वाळला का हो?"

वाळला होता. पुढचं सगळं घाईत झालं. कागद, पेंढा, खिळे, उचला, सांभाळून! ट्रकचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले. बाबा शेजारीच उभे होते, त्यामुळे फूटपट्टी काहीच बोलला नाही. हत्यारं पिशवीत भरली, सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला आणि सायकलवर टांग टाकून गेला. धाकटी फाटकाशी उभी राहिली. मी एवढं सगळ्यांपुढे बोलले, तिला वाटलं, आणि हा गेला. कामच संपलं म्हटल्यावर कशाला येईल कोण?

रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी तिने ब्रश हातात घेतला आणि नुसता धरून बसली.

सायकलची घंटी वाजली.

तो फाटकात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. पिशवी नाही, टेप नाही, कानावर पेन्सिलसुद्धा नाही. बाबा भट्टीतली राख काढत होते, ते उठून उभे राहिले.

"आता काय राहिलं?" बाबांनी विचारलं.

"काम काही राहिलं नाही," तो म्हणाला. चांगला घाबरला होता, पण बोलला मोठ्याने, स्वयंपाकघरात ताईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "धाकटीला भेटायला आलोय. मला ती आवडते."

बाबांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. हातातली राख झटकली. "मग फाटकात काय उभे राहता? आत बसा," ते म्हणाले आणि पुन्हा राखेकडे वळले. पण मिशीत हसत होते.

धाकटी पायरीवर आली होती, तशीच, बोटांना निळा रंग लागलेली. तो तिच्यासमोर येऊन थांबला.

"मी पुढच्या महिन्यात जाणार आहे," ती म्हणाली. "पंधरा दिवस तिकडेच. मग?"

"तोवर रोज येईन. मग पंधरा दिवस नाही येणार." तो थांबला. "मग परत रोज."

"काय काम काढून?"

"काम कशाला हवं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून, बटणाकडे नाही की खाली फरशीकडे नाही.

"ये," ती म्हणाली. "रोज ये."