उपडा पेला

परत तेच सांगायला लावताय. बरं, ऐका, पण मधे बोलायचं नाही.

आमच्या तुरुंगात नळाला गटाराचा वास यायचा. पिण्यासाठी म्हणून बराकीत एक पिंप ठेवलेलं, माणशी एक जर्मनचा पेला. कोणी सुटला किंवा मेला, की त्याचा पेला पिंपाजवळ उपडा घालायचा. मेलेल्याचा सुलटा राहिला तर तो वाटा मागायला येतो, असं जुने कैदी मानत.

जुलाबानं संभाजी गेला. लंगडा माणूस. पाणी संपलं की रिकाम्या पेल्यावर नखानं टकटक करायचा, अजून हवं म्हणून.

तो गेल्यावर आमच्यातल्याच मच्छिंद्रचा धाकटा भाऊ, रविराज, आमच्या बराकीत आला आणि तसाच आडवा झाला. त्यालाही जुलाब; ओठांना भेगा, डोळे खोल. जामीन झालेला, फक्त कागद यायचे होते. तोवर तो जगायला हवा होता. पाण्याचं वाटप मच्छिंद्रकडेच, पण हवालदार सुलटे पेले बघूनच पाणी ओतू देई. भर दुपारी मच्छिंद्रनं संभाजीचा पेला सुलटा केला.

मी म्हटलं, "उपडा घाल तो."

"गप पड थेरड्या. माझा भाऊ मरतोय."

आमचं पाणी कोमट, पिवळं. त्या पेल्यातलं नितळ, इतकं गार की पेल्याला बाहेरून घाम फुटला. मच्छिंद्रनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं, घोट घोट पाजलं. बराक उन्हानं पेंगलेली. पंखा बंद...

टक टक.

"रवी?... हे कुणी शिकवलं तुला?"

रविराज नुसता पेल्याकडे बघत राहिला. संभाजीला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

जुलाब थांबले. कागद आले. हवालदारानं "रविराज!" म्हणून पुकारलं, हा बसलेलाच. मच्छिंद्रनं दंडाला धरून उठवलं, तर दारापर्यंत एक पाय ओढत गेला.

मी पिंपाकडे पाहिलं. तिथे रविराजचा पेला उपडा होता. कुणी हात लावला नव्हता.

आता सगळेच बाहेर आहोत. परवा बिबवेवाडीत रसवंतीवर दोघे दिसले. धाकट्यानं रस संपवला, ग्लास खाली ठेवला, आणि नख...

मी थोरल्याला हळूच विचारलं, "रवी कुठाय रे?"

त्यानं मान खाली घातली. माफी मात्र मागितली नाही. थेरडा म्हणाला होता मला, तो मच्छिंद्र.