खिडकीपाशी आणलेली डबी

दिवा बारीकच राहू दे. ऐका. माझा साडू सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे ना, त्याच्याबाबतीत घडलेली गोष्ट. गेल्या थंडीतली. त्यानं ती एकदाच सांगितली, तीही मान खाली घालून.

तेव्हा जुलाबांची साथ होती. साडूचं काम म्हणजे लोकांच्या शौचाचे नमुने तपासायचे आणि त्यातले जंतू विष सोडतात का ते बघायचं. खिडकीसमोर डब्या घेऊन ही रांग. हसलात ना? तिथंही सगळे असेच हसले होते.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. डबी रुमालात गुंडाळलेली, नजर जमिनीवर. साडूनं डबी उजेडात धरली आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, एवढंसंच? बाकीचं घरी ठेवून आलात की काय? उद्या नीट आणा."

रांग खो खो हसली. बाईंनी डबी परत घेतली आणि गेल्या.

अरे, वाटाण्याएवढं पुरतं त्या तपासणीला. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यानंतर बाई लाजेनं दवाखान्याची पायरी चढल्याच नाहीत. शनिवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता.

त्याच रात्री साडेअकराला साडू तपासणीची प्लेट बघायला गेला. वॉर्डात पोरं अत्यवस्थ होती, डॉक्टर निकालासाठी खोळंबले होते. प्लेटला छोटे छोटे खळगे असतात, एकेकात एकेकाच्या नमुन्याचा थेंब. विष असलं की खळगा पिवळा होतो.

तो प्लेट काढतोय, तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक. हळूच. संकोचून केल्यासारखी.

"कोण आहे?"

पुन्हा टकटक.

"साहेब... आज पुरेल का?"

आवाज ओळखीचा. काचेपलीकडे कुणीतरी उभं. मान खाली.

त्याला सांगायचं होतं, मावशी, त्या दिवशीही पुरलं असतं. भीतीपेक्षा लाज मोठी. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"मग काय म्हणाला तो, काका?"

काही नाही रे. तेच तर...

बऱ्याच वेळानं त्यानं खिडकी उघडली. कुणी नव्हतं. तो प्लेटकडे वळला. शेवटचा खळगा त्यानं रिकामा सोडला होता. कोरडा. थेंबसुद्धा घातला नव्हता.

तो पिवळाधमक झाला होता.