हौदातलं जाळं

कोळ्याचं जाळं वीतभर होतं. हौदाच्या कोपऱ्यात, तळापासून गुडघ्याएवढ्या उंचीवर. धाग्यांवर धूळ बसलेली आणि मध्ये पतंगांची वाळकी टरफलं. राजेश्वरीबाईंनी त्याला हात लावला नाही.

"बाई, घावलं का भोक?" चर्चच्या मंडळीचा पंच पुंजाराम वरून वाकला. उपासना तोंडावर आली होती, म्हणून त्यानंच निवृत्त विज्ञानशिक्षिका राजेश्वरीबाईंना घरून बोलावून आणलं होतं. काल टँकरनं भरलेला बाप्तिस्म्याचा हौद आज फळ्या उचलल्या तर ठणठणीत कोरडा. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. तेव्हा गळती समजून आतून सिमेंट मारलं होतं.

"भोक नाही," त्या म्हणाल्या.

शेवगावकडचं हे लहानसं चर्च; उपासना आणि बाप्तिस्मे चालवणारे पाळक एकच, योगेश. आजोबांच्या पिढीनं ओढ्यात बाप्तिस्मे घेतले. ओढा आटला तेव्हा व्यासपीठाखाली हौद बांधला. कपाळावर पाणी शिंपडणं इथं चालत नाही. माणूस पुरता बुडून वर आला, तरच तो मंडळीचा. मंडळीचा असेल, तरच त्याला इथल्या कबरस्तानात जागा.

गोजरबाईचा नवरा तिथंच पुरलेला. डॉक्टरनं तिला दिवाळीपर्यंतचं सांगितलेलं. ती बाप्तिस्म्यासाठी पांढरं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसली होती.

"आजबी न्हाई का गं?"

"थांबा जरा, मावशी."

"थांबते की. मला कुठं एस्टी धरायची हाय?"

बाईंनी टँकरवाल्या सहादूला गाठलं.

"काल टँकर खरंच रिकामा केलास?"

"मंग? समदं पाणी म्या पिलो व्हय?"

"पाइपाचं टोक कुठं होतं?"

"मला न्हाई दिसलं. गाडी रस्त्यावर हुती. पाळकसाहेब म्हनले, तू टँकरचा वाल सोड, टोक मी धरतो. मागनं 'बास' म्हनले, म्या बंद केला."

"आणि फळ्या?"

"त्यांनीच लावल्या," पुंजाराम म्हणाला. "मी आलो तवा दाराला कुलूप घालत हुते."

बाई चर्चच्या मागं गेल्या. तिथली विहीर कैक वर्षं कोरडी. आज तिच्या एका बाजूचे दगड खालपर्यंत काळे ओले होते.

परतल्या तेव्हा पाळक योगेश दारात उभे होते. त्यांचा पोरगा पार्थ भंडारदऱ्याच्या धरणात बुडून गेला, तेव्हापासून ते कामापुरतंच बोलत. तेव्हापासून इथं एकही बाप्तिस्मा झाला नव्हता. बाई कुठून आल्या ते त्यांनी पाहिलं.

"हौद गळला नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "काल तो भरला असता, तर तेवढ्या खालचं जाळं टिकलं नसतं. रात्रीत नवं विणलं म्हणावं, तर त्यावर इतकी धूळ कुठून? हौदात पाणी आलंच नाही. ते विहिरीत गेलं. पाइपाचं टोक एकाच माणसाच्या हातात होतं."

पुंजारामचा चेहरा तांबडा झाला. "पाळकसाहेब! बाया हंड्यासाठी मैलभर जातात, आन् तुमी..."

"पुंजाराम, थांब," बाई म्हणाल्या. "पाणी चोरायचं नव्हतं त्यांना. कुणाला पाण्याखाली धरायचं नव्हतं."

योगेशनी होकारार्थी मान हलवली.

"बुडवायला मानेखाली हात घालायचा म्हटलं, की पार्थची मान वाटते. दर वेळी वाटायचं, पुढच्या रविवारी जमेल."

गोजरबाई उठून जवळ आली. "मंग सांगायचं न्हाई का, लेकरा? मी काय तुला खाल्लं असतं?"

योगेश मंडळीकडे वळले. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "कोपरगावच्या पाळकांना आजच बोलवा. मावशींचा बाप्तिस्मा ते करतील. मी पाळकपण सोडतोय."