एकोणीस नंबरचा बिल्ला

हे वाचून कुणी "छान रचलंय" म्हणालं तर मला राग येईल, हे आधीच सांगून ठेवतो. हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, प्रमोदिनीताईच्या बाबतीत घडलेलं आहे. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना अजून गरम-गार कळत नाही. ती बोटं मी पाहिली आहेत.

तारीख १४ डिसेंबर २०१८, शुक्रवार. जागा डब्लिनजवळचं ब्लँचर्डस्टाउन. वेळ दुपारी साडेचारची. पण डिसेंबरात इकडे साडेचारला अंधार पडलेला असतो.

कंपनीचं नाव सांगणार नाही. हॉस्पिटलात लागणाऱ्या नळ्या आणि सुया गारठ्यात टिकतात का, ते तपासायची तिथे एक लॅब होती. ताई तिथे इंजिनिअर होती.

आणि उपेंद्रही.

या दोघांची ओळख स्कॉटलंडमधली. २०१४ साली दोघं तिथल्या एका सरकारी विद्यापीठात एमएससी करायला गेले. मोठं नाव नाही, हिरवळीवरचे जुने मनोरे नाहीत. गोदीतल्या कामगारांसाठी दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी संध्याकाळचे वर्ग काढले, त्याचं पुढे टेक्निकल कॉलेज झालं, आणि नव्वदीनंतर दारावर विद्यापीठाची पाटी लागली. पाटी बदलली तरी स्वभाव तोच राहिला. आधी हात काळे करा, मग डिग्री मागा.

तिथल्या वर्कशॉपचा एक नियम होता. प्रत्येकाला नंबर घातलेला पितळी बिल्ला मिळायचा. आत जाताना तो दारापाशी बोर्डवर लटकवायचा, बाहेर येताना काढायचा. शेवटी निघणाऱ्याने बोर्ड बघायचा. एक जरी बिल्ला दिसला, तरी दार लावायचं नाही. आत माणूस आहे.

ताईचा नंबर सत्तावीस, उपेंद्रचा अठ्ठावीस. एकोणीस नंबर मात्र कुणालाच देत नसत.

का, ते तिथल्या म्हाताऱ्या स्टोअरकीपरने, फर्गसने, सांगितलं होतं. फार पूर्वी एकोणीस नंबरचा मुलगा बॉयलर साफ करायला आत उतरला होता. त्याच्या जिवलग मित्राने त्याचा बिल्ला काढून खिशात टाकला. बोर्ड रिकामा दिसला. लोकांनी झाकण लावलं आणि बॉयलर पेटवला.

"म्हणून आपला बिल्ला आपणच काढायचा," फर्गस म्हणाला होता. "भावालाही काढू द्यायचा नाही."

ताई आणि उपेंद्र तेव्हा एकमेकांकडे बघून हसले होते. कारण त्या ऑगस्टमध्ये तिथे राखी मिळाली नाही, म्हणून ताईने वर्कशॉपमधली तांब्याची तार वळून त्याला राखी बांधली होती. पुढे डब्लिनला आल्यावरही राखी आणि भाऊबीज कधी चुकली नाही. मला हेवा वाटायचा. सख्खा मावसभाऊ मी, आणि बेसनाचे लाडू त्याला जास्त.

डब्लिनच्या लॅबमध्ये बिल्ल्यांचा बोर्ड ताईनेच आग्रहाने लावून घेतला. डिग्री घेऊन निघालेल्या दोघांना फर्गसने त्यांचे बिल्ले देऊन टाकले होते, तेच त्यांनी इथे आणले. आयरिश सहकारी आधी हसले. मग "ग्रँड, ग्रँड" म्हणत त्यांनीही बिल्ले करून घेतले.

२०१८च्या डिसेंबरात ताईला उपेंद्रने केलेल्या एका नळीच्या रिपोर्टमध्ये खोट सापडली. कोल्डरूममधली तीन रीडिंग त्याने घेतलीच नव्हती. बसल्या जागी आकडे लिहिले होते. ती नळी उद्या कुणाच्या तरी छातीत जाणार होती.

ताईने त्याला बाजूला घेतलं.

"उप्या, सोमवारपर्यंत तूच मॅनेजरला सांग. नाहीतर मला सांगावं लागेल."

"हो गं प्रमो, सांगतो. तुझ्यापासून काय लपवणार?"

ती नळी खरंच पास होते की नाही, ते आधी बघावं, असं ताईला वाटलं. पास झाली तर त्याची नोकरी तरी वाचेल. म्हणून त्या शुक्रवारी सगळे ख्रिसमस पार्टीला गेल्यावर ती एकटी मागे थांबली. उपेंद्रला सांगून थांबली.

सत्तावीस नंबर बोर्डवर लटकवला. कोल्डरूमचा आतला हँडल मंगळवारपासून मोडला होता, म्हणून दारात लाकडी पाचर ठोकली. पाच मिनिटांचं तर काम. अंगात साधा लॅबकोट.

आत उणे वीस.

दोन रीडिंग झाली. तिसरं घेताना तिच्या पाठीमागे…

खट्.

दार लागलं होतं.

ती धावली. हँडल नुसताच गरगर फिरला. पाचर कुठेच नव्हती.

मग दिवा गेला. त्याचं बटण बाहेर होतं.

"उप्या? अरे, मी आत आहे!"

पंख्याची घरघर तेवढी. आत मोबाइल लागत नव्हता. तिने दार बडवलं, लाथा मारल्या. घसा बसला. पापण्या चिकटायला लागल्या. हळूहळू तिला झोप यायला लागली, आणि गारठ्यात झोप येणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं.

आणि मग पंखा थांबला.

त्या शांततेत तिला वास आला… जळक्या कोळशाचा.

मग ठोके. एक… दोन… तीन…

बाहेरून नाही. तिच्या मागच्या भिंतीवर, आतून.

ताई सांगते, "मी वळले नाही. वळायची हिंमतच झाली नाही. पण पाठीला ऊब लागली रे. कुणीतरी अगदी जवळ उभं होतं, आणि त्याचं अंग तापलेलं होतं."

दाराबाहेर पितळेचा आवाज झाला.

टण्…

थोड्या वेळाने दार उघडलं. समोर सफाईवाली मॉरीन, हातात मॉप. रोज पाच वाजता ती दिवे बंद करून जायची. ताईने शिकवल्याप्रमाणे जाताना बोर्ड बघायची.

"अगं पोरी! बोर्डवर बिल्ला दिसला म्हणून उघडलं. नाहीतर मी चाललेच होते घरी."

ताईने बोर्डकडे पाहिलं. एकच बिल्ला लटकत होता. जुना, काजळीने काळा झालेला. तिने बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

एकोणीस.

सत्तावीस तिथे नव्हता.

मॉरीनने पार्टीत फोन केला. दहा मिनिटांत उपेंद्र धावत आला. रडत होता. अगदी खरं रडत होता, ताई म्हणते. त्याने आपला जाड कोट काढून तिच्या अंगावर घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. ताईने गारठलेले हात कोटाच्या खिशात घातले.

उजव्या खिशात बिल्ला लागला. सत्तावीस.

"प्रमो, ऐक ना, मला वाटलं तू निघालीस, बिल्ला विसरलीस, म्हणून मी जपून…"

ताईचा डावा हात दुसऱ्या खिशातून बाहेर आला. तळव्यावर लाकडी पाचर होती.



"गारठ्याने मेले असते तर इतकं दुखलं नसतं," ताई मला म्हणाली होती. "आणि वर त्याच्याच कोटात ऊब शोधत होते मी."

सोमवारी ताईने मॅनेजरला सगळं सांगितलं. उपेंद्र त्याआधीच राजीनामा मेल करून निघून गेला होता. एकोणीस नंबर बोर्डवरून गायब होता. ताईने विद्यापीठाला विचारलं. उत्तर आलं, की फर्गस वारला. आणि एकोणीस नंबरचा बिल्ला त्या बॉयलरच्या दिवसापासून त्यांच्याकडे नव्हताच. मित्राच्या खिशात गेला, तो पुन्हा कुणी पाहिला नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

ताई आता डब्लिनच्याच टॅला भागात राहते, माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. परवा, २०१९च्या भाऊबीजेला, तिच्या घरी मला ओवाळून झालं आणि दारातल्या फटीतून एक पाकीट आत पडलं. नाव नाही, तिकीट नाही. मी लगेच दार उघडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

पाकिटात चिठ्ठी नव्हती. फक्त बिल्ला.

अठ्ठावीस. काजळीने काळा. गरम.

उपेंद्रचा फोन बंद आहे. पुण्याला त्याच्या आईकडे चौकशी केली. त्या उलट आम्हालाच विचारू लागल्या, "तो तुमच्याकडेच आहे ना?"

तेव्हापासून तो बिल्ला ताईच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, साखरेच्या डब्यामागे पडून आहे. दोन दिवस झाले, अजून गार झालेला नाही.

बिल्ला बोर्डवर असेल तर कुणीतरी दार उघडतं. खिशात असेल तर कुणी उघडत नाही. हे ताईइतकं कुणाला माहीत असणार?

तिच्या दाराशी भिंतीत एक खिळा आहे, रिकामा. काल मी निघताना तिने मला विचारलं, "लटकवू का रे तो?"

मी चपला घातल्या आणि निघून आलो.